सुरूचं बोंड आणि घरमाशी

“आदीं साम्य सांग, भेद मागीर!” असं म्हणताना आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर तर्जनी आणि मधलं बोट जवळ आणून चिकटवायचे. गोव्यातल्या पेडण्याच्या त्या शाळेत मीही शिक्षक होतो; हे ऐकल्याशिवाय एक दिवस गेल्याचं मला आठवत नाही.

एकदा सहामाहीला त्यांनी प्रश्न घातला: पाइन वृक्ष आणि घरमाशी यांच्यातली पाच साम्ये लिहा. भेद विचारलाच नाही. आम्हा शिक्षकांची हसून पुरेवाट झाली. सर मात्र चहात पडलेली माशी चमच्याने काढत म्हणाले, “दोगांकूय श्वास जाय, दोगांकूय उजवाड जाय. आनी कितें जाय?” श्वास हवा, उजेड हवा, एवढं साम्य त्यांना पुरे होतं.

पाइन त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. केरीच्या किनाऱ्यावरून सुरूच्या झाडाची बोंडं आणून वर्गात पाइनची म्हणून फिरवायची, हा त्यांचा वार्षिक सोहळा. सुरू पाइनसारखा दिसतो, पण त्या गटातला नव्हे, हे मी वाचलं होतं. सांगायला कितीदा तोंड उघडलं. पण सर ती बोंडं इतक्या कौतुकाने रुमालातून काढायचे, की मी आपला गप्प.

मग गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आंदोलन पेटलं. मी मराठीवाला, भूगोल शिकवणारा माझा मित्र कोंकणीवाला. वर्षानुवर्षं एका स्कूटरवरून शाळेत येणारे आम्ही. भर शिक्षकखोलीत नको ते बोललो आणि बोलणंच थांबलं. मला त्याच्यावाचून करमत नसे, पण पहिला शब्द कोण काढणार? एक दिवस सरांनी आमच्या दोघांमध्ये टेबलावर एक बोंड आणि एक मेलेली माशी ठेवली.

“हांच्यांत पांच मेळटात. तुमच्यांत एकूय मेळना?”

आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.

गोवा राज्य झालं, सर निवृत्त झाले, आमचा अबोला तेवढा नोकरीत कायम झाला. सर वारले तेव्हा पार्से गावी त्यांच्या घरी आम्ही वेगवेगळ्या बसने पोचलो. त्यांच्या मेजावर बोंडांची बरणी होती. वर चिठ्ठी: ‘पाइन’.

मित्र चिठ्ठी वाचायला बरणीवर वाकला. मग हळूच म्हणाला, “तो सुरू.”

“मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.”

“म्हाकाय.” त्यालाही ठाऊक होतं.

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“तुवें सांगलें?”

मी नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, माझेही. त्याने दोन बोटं जवळ आणून चिकटवली आणि बरणीकडे बघत म्हणाला, “एक मेळ्ळें, सर.”

परतताना आम्ही एकाच बसमध्ये बसलो.