खंडेनवमीला उचललेले जाकीट

मलकापूरचे जोतीराम हवाई दलातून निवृत्त होऊन परतले, तेव्हा घरी वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. कऱ्हाडच्या धावपट्टीवर एका खाजगी कंपनीचे छोटे विमान होते. कोयनेच्या नव्या जलाशयाची पाहणी करण्यासाठी ते उडे. वैमानिकाची रबरी जाकिटे जोतीरामांकडे सोपविण्यात आली. पाण्यात पडल्यावर दोरी ओढली की ती फुगत. जोतीराम ती फुगवून हौदात बुडवीत, बुडबुडा शोधीत, सुकवीत आणि रबर चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड लावून ठरलेल्या घडीतच मिटीत.

विट्याचा भाऊसो हा वैमानिक मात्र जाकीट अंगात न घालता त्यावर बसे. "आवं, उशी लय झ्याक हाय तुमची!"

१९६६ च्या खंडेनवमीस पान्या-हातोड्यांबरोबर जाकिटेही पूजेस मांडली होती. पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत उचलू नये, असा आमच्याकडील रिवाज. दुपारी उड्डाणाचा तातडीचा हुकूम आला. जोतीरामांनी फुले बाजूस सारून जाकीट उचलले.

"पूजेतलं हाय, बापू," मिस्त्री हिंदुराव म्हणाला.

जोतीराम विमानाच्या चाकापुढे जाऊन बसले. "भाऊसो, घाल अंगात. न्हाईतर मी चाकाम्होरनं उठत न्हाई."

"म्हातारं हटूनच बसलं की!" भाऊसोने हसत जाकीट घातले.

जलाशयावर इंजिन बंद पडले. विमान बुडाले, भाऊसोला कोळ्यांनी पाण्याबाहेर काढले. मोडलेला हात घेऊन तो विट्यास गेला, त्यानंतर त्याचा निरोप नाही.

"इमान हुकमानं गेलं," हिंदुराव सर्वांना सांगे, "पूजेतलं जाकीट यानं उचललं, म्हनून बुडालं." चहाच्या वेळी जोतीराम बाकावर बसले की इतरांना कामे आठवत. जाकीट फुगले होते, एवढे कोणीतरी म्हणावे, यापलीकडे त्यांची अपेक्षा नव्हती.

दिवाळीनंतर भाऊसोची आई मनुबाई विचारत विचारत धावपट्टीवर आली. तिने गाठोडे सोडून जाकीट बाहेर काढले.

"भाऊसो म्हनतोय, ह्याच्यावरच तरलो. त्याला वढून काढताना फाटलं व्हतं, मी शिवलंय."

गोधडीला घालावेत तसे बारीक, सरळ टाके होते. सुईच्या प्रत्येक छिद्रातून आता हवा निसटणार होती. जोतीरामांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"पुन्यांदा कुनाच्या उपेगी पडंल न्हवं, दादा?"

"पडंल की. लय नेटकं शिवलंय, बाई."

मनुबाईला एस.टी.त बसवून ते परतले, तेव्हा बाक रिकामा होता. निकामी जाकीट कापून टाकावे, असा नियम होता. जोतीरामांनी ते घरी नेले.