माझा भाऊ पाया पडला नव्हता

माझ्या भावाला पहिली लाथ बसली तेव्हा तो हसत होता. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात चुलत्यांच्या घरचं लग्न होतं. मी नांदेडहून आले होते आणि पंगतीची कामं नेहमीप्रमाणे मीच वाटून दिली होती. वरण भावाकडं, भात भावजयीकडं. वाढता वाढता कुणी नवरदेवाच्या फेट्यावरून काही बोललं. भाऊ हसला, त्याचा जबडा सैल पडला, गुडघे मोडले आणि वरणाची गरम बादली आमच्या चुलतभावाच्या पायांवर उलटली. चुलतभाऊ ओरडला नाही. भाजलेल्या पायानंच त्यानं माझ्या भावाच्या बरगडीत लाथ घातली.

"दिवसाढवळ्या ढोसून आलाय."

दोघा-तिघांनी वाकून तोंडाचा वास घेतला. कसलाच नव्हता. तेव्हा गावानं ठरवलं की हा बिनवासाची पितो.

भाऊ त्याआधीपासूनच कुठंही झोपत होता. एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, हातात भाकरीचा तुकडा धरून. सोयाबीनच्या मळणीत यंत्राजवळ उभ्या उभ्या डोळा लागला आणि बाही पट्ट्यात गेली. भावजयीनं मागून ओढलं म्हणून हात राहिला, कोपरापर्यंतची कातडी गेली. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं काही फरक पडला नाही.

मग बांधाचं प्रकरण झालं. आमचं रान आणि चुलतभावाचं रान यांच्यामध्ये एकच बांध. चुलतभाऊ दर नांगरटीला ट्रॅक्टर जरा आत घालायचा आणि बांध कोरायचा. त्या वर्षी त्यानं खुणेची बाभळच पाडली. भाऊ जाब विचारायला गेला. भावजय विहिरीपाशी होती, तिनं सगळं पाहिलं. भावानं बोट उगारलं, रागानं त्याचा आवाज चढला, आणि वाक्य अर्ध्यात असतानाच तो खाली कोसळला. डोकं नेमकं चुलतभावाच्या बुटावर. चुलतभावानं डोकं बुटानं बाजूला सारलं आणि काठी उचलली. भावजय धावत पोचेपर्यंत दोन बरगड्या मोडल्या होत्या, कान फाटला होता, आणि तोंड ओल्या काळ्या मातीत रुतलं होतं.

आमच्याकडं भावकीच्या भांडणात एकानं दुसऱ्याचे पाय धरले की भांडण मिटतं. ज्यानं धरले त्याची चूक, ज्याचे धरले त्याचा बांध. पुढं कोणी कुठंही गेलं तरी गाव साक्षीला उभं राहत नाही. चुलतभाऊ त्याच संध्याकाळी पारावर बसून सांगू लागला, "माझ्या पाया पडला. डोकं ठेवलं बुटावर. आता बांध कुणाचा, तुमीच सांगा."

मी भावाला नांदेडला आणलं. दवाखान्यात कानाला टाके पडत असताना तो म्हणाला, "अक्का, मी जागाच व्हतो. समदं ऐकू येत व्हतं. हात उचलायला गेलो तर हात माझा न्हाईच. तोंडात माती जायली आणि थुकता येईना."

त्या वाक्यानं मला कळलं की जमीन ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट ही, की पुढच्या खेपेला हा जागेपणी, सगळं ऐकत, कुणाच्या तरी बुटाखाली मरेल.

मेंदूच्या डॉक्टरांकडं जाताना मी प्रश्न लिहून नेले. त्यांनी झोपेच्या तपासणीला हैदराबादला पाठवलं आणि अहवाल आल्यावर समोर बसवून सांगितलं. मेंदूत खोलवर थोड्या पेशी असतात, त्या एक रसायन सोडतात आणि त्याच्या जोरावर माणूस जागा राहतो. याच्या त्या पेशी बहुतेक सगळ्या मेल्यात. स्वप्न पडताना हातपाय हलू नयेत म्हणून शरीर लुळं होतं, ते सगळ्यांचंच होतं. या पेशी नसल्या की तोच लुळेपणा जागेपणी येतो, हसू फुटलं किंवा राग आला की.

"कशानं मेल्या?" मी विचारलं.

"पक्कं सांगता येत नाही. बहुधा शरीराची राखण करणाऱ्या पेशींनीच परक्या समजून मारल्या."

भाऊ म्हणाला, "म्हंजे आतबी भावकीच हाय."

"त्या पेशी परत येतील?"

"नाही. गोळ्यांनी जाग टिकेल, पडणं कमी होईल. यंत्रापासून लांब, विहिरीपासून लांब, गाडी चालवायची नाही. आणि राग येतोय असं वाटलं की आधी खाली बसायचं."

"बसून भांडण कसं करायचं, साहेब?" भावानं विचारलं. डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी सरकारी मोजणीचा अर्ज भरला. मोजणीच्या दिवशी भावाला गोळी देऊन बांधाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. बोलणार मी, कागद भावजय देणार, त्यानं नुसतं बसायचं, असं ठरलं होतं. निम्मं गाव जमलं होतं. मोजणीची खूण चुलतभावाच्या रानात बरीच आत गेली, तेव्हा तो मोजणीवाल्यांना सोडून खुर्चीकडं वळला.

"कामून बसलास रे? त्या दिवशी पडलास तसा पड की पाया. तुझ्या बायकोलाबी बघू दे परत."

भावाचे ओठ थरथरले. जबडा लोंबला, मान छातीवर आली. चुलतभावानं त्याला कॉलर धरून खुर्चीतून ओढलं. भाऊ पोत्यासारखा त्याच्या पायाशी आला.

"बघा," चुलतभाऊ लोकांना म्हणाला, "पडला का न्हाई?" आणि तोंडावर मारायला त्यानं बूट उचलला.

हद्दीचे दगड रोवायला आणलेली पहार माझ्या हाताशी होती. मी ती दोन्ही हातांनी फिरवली. उभ्या पायाच्या नडगीवर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि चुलतभाऊ खाली आला, माझ्या भावाच्या पायांवर आडवा. मी पहार परत उचलली. लोक मागं सरले. मला धरायला कुणी आलं नाही. ज्या शिव्या मी कधी लिहिणारही नाही त्या मी तेव्हा मोठ्यानं दिल्या.

दगड त्याच दिवशी रोवले गेले, मोजणीनं दाखवले तिथं. माझ्यावर गुन्हा दाखल आहे, चुलतभावावरही आहे, दोन्हींच्या तारखा चालू आहेत. त्याची नडगी वाकडी जुळली. मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या दिवशी पोलीस ठाण्यातून बाहेर पडलो तेव्हा भाऊ आपल्या पायांनी चालत होता. मध्येच थांबला.

"अक्का, मला समदं ऐकू येत व्हतं. शिव्याबी."

"बरं. चल."

"त्यो बी माझ्या पाया पडला की. गावानं बघितलं."

"चल म्हटलं ना."

"म्हंजे आता गावाच्या हिशेबानं..." तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. जबडा सैल पडायला लागलेला मी पाहिला. भावजयीनं पिशवी टाकली, मी त्याच्या काखेत हात घातले, आणि आम्ही दोघींनी त्याला ठाण्याच्या भिंतीला टेकवून हळूच खाली बसवलं. डोळे मिटले होते. तो जागा आहे हे आता आम्हाला माहीत होतं, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं न बघता मी त्याचं वाक्य पुरं केलं.

"बांध आपला," मी त्याच्या कानाशी म्हणाले.