अण्णांच्या पद्मिनीला व्हॅनचा ब्रेक

गॅरेजात एक गाडी सुधरेपर्यंत चार किस्से तयार होतात. गाडी जाते निघून, किस्से मात्र तिथंच मुक्कामाला! जठारपेठेतल्या आमच्या बंडूभाऊच्या गॅरेजात संध्याकाळी आम्ही चार रिकामटेकडे चहाला जमतो. तिथं किस्से ठेवायला आता जागा नाही बाप्पा. आज फक्त अण्णांच्या जुन्या पद्मिनी गाडीचे सांगतो.

अण्णा रिटायर्ड हेडमास्तर. गाडीचं पुढचं सीट सलग, बाकड्यासारखं. हँडब्रेक डॅशबोर्डखाली, मुठीत धरून ओढायचा अन् पिळायचा. अण्णांच्या बोटांना संधिवात झाला. स्टिअरिंग जमायचं, गिअर तळहातानं ढकलायचे, पण ती मूठ काही पिळवेना. मग काय, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पिशवीत वीट घेऊन फिरायला लागल्या! गाडी थांबली की उतरायचं, चाकामागं वीट लावायची. साडीला लाल माती लागते म्हणून त्यांनी विटेला छान चकचकीत गिफ्टचा कागद गुंडाळला होता.

*

अन् तिथंच घोळ झाला! अमरावतीला काकूच्या भाचीचं लग्न. नवरीच्या मामानं चाकामागचं चकचकीत पुडकं पाहिलं. "कोणाचा तरी आहेर पडला वाटते!" म्हणत त्यानं ते उचलून आत नेलं. पद्मिनी निघाली मागं मागं, आचाऱ्याच्या कढईकडं! चार जणांनी धावत जाऊन धरली म्हणून बुंदी वाचली.

दोन दिवसांनी नवरीचा फोन. "मावशी, वीट भेटली. बाकीचं घर कधी पाठवता?"

*

ही गोष्ट पुण्यापर्यंत गेली. तिथं राहणाऱ्या अण्णांच्या पोरानं फोनवर साफ सांगितलं, "अण्णा, ब्रेक लागत नसेल तर गाडी विकून टाका."

पोराचंही चुकीचं नव्हतं. पण त्या संध्याकाळी अण्णांनी चहाला हात लावला नाही. दर रविवारी काकूला घेऊन बडनेऱ्याला तिच्या बहिणीकडं जायचं, हा त्यांचा संसारभराचा नेम. मला लय वाईट वाटलं.

बंडूभाऊ म्हणाला, "विकता काहून? भंगारातल्या व्हॅनचा हँडब्रेक बसवून देतो. मनगट अडकवून वर ओढा, झालं!"

*

व्हॅनचा दांडा आला, केबल आली. केबल लांब निघाली, ती कापली. मग कमी पडली! बंडूभाऊ स्वतःलाच शिव्या देत दुसरी घेऊन आला. सीट बाहेर काढून दांडा मधोमध वेल्डिंग केला.

ट्रायलच्या दिवशी बॅटरी उतरलेली. अण्णा आत लाकडी स्टुलावर, स्टिअरिंग धरून. आम्ही मागून धक्का मारून राहिलो, गाडी तसूभर हलेना. बंडूभाऊ घामाघूम! "इंजिन जाम झालं वाटते!"

आतून अण्णा शांतपणे म्हणाले, "ब्रेक ओढून ठेवला हाय मी. मले पाहायचं होतं, किती माणसायले पुरून उरते!"

*

सीट परत बसवायच्या वेळी खरी अडचण कळली. दांडा बरोबर मधात. बंडूभाऊनं कटर उचललं. "सीट मधून कापतो. दोन सीटा होतील, मधात ब्रेक. फर्स्टक्लास!"

अण्णा एकदम तडकले. "कापायचं नाही!"

"काहून पण?"

"ती बसते तिथं. लग्न झाल्यापासून."

काकू लाजून भलतीकडंच पाहायला लागल्या. बंडूभाऊनं कटर ठेवलं अन् डोकं खाजवलं. "मंग दांडा सीटच्या पुढं घ्यावा लागीन. पण अण्णा, तुमचा हात पोचणार नाही. तो काकूच्या गुडघ्यापाशी येते."

"येऊ द्या," काकू म्हणाल्या. "मी ओढीन."

*

नव्या ब्रेकचं कळल्यावर पोरानं अट घातली, तो चढावर टिकला तरच गाडी ठेवायची. म्हणून रविवारी बडनेऱ्याच्या उड्डाणपुलावर गेलो. पुढं अण्णा, त्यांना खेटून काकू. मागं मी अन् बंडूभाऊ, दोघंही जीव मुठीत धरून. चढावर मधातच ट्रॅफिक थांबलं. मागं हा भलामोठा ट्रक!

"ओढ," अण्णा म्हणाले. काकूनं दोन्ही हातांनी दांडा ओढला. करकर आवाज झाला.

"पाय काढू?"

"काढा."

अण्णांनी हळूहळू पाय उचलला. गाडी जागची हलली नाही! बंडूभाऊनं माझी मांडी इतकी दाबली की कळ आली. मी अण्णांकडं पाहिलं, तर त्यांचे डोळे भरलेले.

तेवढ्यात पुढचं ट्रॅफिक सुटलं. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न!

"सोड आता ब्रेक," अण्णा म्हणाले.

काकूनं सोडला नाही. "थांबा ना जरासं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसती बसून येत होती. आज गाडी मी धरून राहिली."