झऱ्याचं पाणी

गेल्या महिन्यात वज्रेश्वरीला कुंडाजवळ गंधकाचा वास आला आणि मला न्युरेम्बर्गच्या घरमालकीणबाई फ्राऊ लांग आठवल्या.

वीसेक वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्यांचं मूळ गाव स्लोव्हाकियातलं, जर्मन वस्तीचं. डोंगरात चांदीची खाण, पायथ्याशी गरम पाण्याचा झरा. शनिवारी बाहेरच्या पाहुण्यांची स्नानं आटोपली की कुंड खाणकामगारांना मोकळं मिळे. वडिलांच्या पाठीवरची काळी धूळ चोळून काढायचं काम फ्राऊ लांगचं. युद्धानंतर तिथल्या जर्मनांना हाकललं, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या.

कंपनीच्या कामासाठी मी स्लोव्हाकियाला निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "झऱ्याचं पाणी आणाल? पेलाभर पुरे."

काम लांबलं. गाव दोन तास आडवाटेला होतं. परतताना मी पेट्रोल पंपावर पाण्याची बाटली घेतली आणि तिचं लेबल नखाने खरवडून काढलं. म्हातारीचं समाधान होईल, एवढाच विचार केला.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला.

"मग सडक्या अंड्यांचा वास कुठे गेला?"

"आता येत नाही तो," मी म्हणालो.

त्यांनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग त्यांनी भावाला फोन लावला. "खाण गेलीच होती रे. आता झराही मेला."

मी समोरच बसलो होतो. मी तिथे गेलोच नाही, एवढंच सांगायचं होतं. त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मी रोज सकाळी जिन्यात त्यांना हसून गुटेन मोर्गन म्हणत राहिलो.