चौथा ठोका गिळणारा ट्रॅक्टर

माझ्या ताईच्या सासऱ्यांनी आजवर एकाही माणसाला त्याचं आडनाव, गाव की पगार विचारलेला नाही, पण रस्त्यानं जाणारा एकही जुना ट्रॅक्टर त्यांनी चौकशीशिवाय पुढं जाऊ दिलेला नाही. लोधिवलीजवळ त्यांचं घर, ओट्यावरून रस्ता दिसतो. चहा पीत बसलेले असतात आणि लांबून इंजिनाचा आवाज आला की बशी खाली ठेवतात, डोळे मिटतात. "पंजाबी हाय," म्हणतात. दोन मिनिटांनी खरंच दाराशी उभ्या पैलवानासारखा बंपर लावलेला, वर लोखंडी छप्पर, छपराला गोंडे, आत गाणी, असा ट्रॅक्टर निघून जातो. मग मामा बशी उचलतात. ताई त्यांना मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात, आणि त्यात मान किती न् टिंगल किती हे मला अजून कळलेलं नाही.

ताईला बघायला ही मंडळी आमच्याकडं शेलूला आली होती तेव्हाची गोष्ट. पोहे आले, ताई आली, सगळे नीट बसले आणि बघतो तर मुलाचे वडीलच नाहीत. आई घाबरली, पोह्यात मीठ जास्त पडलं की काय. शेवटी शेजारी वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. बाबा वाकून म्हणाले, "अहो, मुलगी आलीय बाहेर." खालून आवाज आला, "मुलगी चांगलीच असंल. ह्याचं मडगार्ड कुणी बदललंय ते सांगा आधी." लग्न जमलं. ताई म्हणते, मला सासऱ्यांनी पसंत केलं की आपल्या शेजाऱ्याला, ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा सगळ्यांच्या खिशाला गुलाब आहे आणि मामांच्या खिशातून नट-बोल्टाचे दोन पाने डोकावतायत, एक इंची आणि एक एमएमचा. ज्यांनी ज्यांनी त्यांना त्या दिवशी मिठी मारली ते सगळे छाती चोळत जेवायला बसले होते.

मामांचा विषय एकच. एकाच कंपनीचं एकच जुनं मॉडेल, लाल रंगाचं. आपल्याला सगळे ट्रॅक्टर सारखेच दिसतात, मामांना त्यात तीन भाऊ दिसतात. विलायती म्हणजे परदेशात बनून बोटीनं आलेला. त्याचा काटा मैल दाखवतो, बोल्टाला इंची पाना लागतो. पंजाबी म्हणजे आपल्याच देशात बनलेला, पण उत्तरेच्या मोकळ्या शेतात वाढलेला. आणि तिसरा देशी, म्हणजे आपल्याकडचा, भाताच्या खाचरात चिखलणी करणारा, मागच्या चाकांना लोखंडी जाळीची चाकं जोडून घेणारा. "तिगं सख्खं भाऊ," मामा सांगतात. "एक बाहेर शिकला, एक तालमीत गेला, आणि एक घरी रायला. शेती कुणी केली? घरी रायला त्यानं." मामांचा स्वतःचा ट्रॅक्टर अर्थातच घरी रायलेला. मी एकदा विचारलं, मामा, लांबून बघून एका नजरेत कसं ओळखायचं? म्हणाले, "मडगार्ड बघ. विलायतीचं इवलंसं असतं. तिकडं चालवणारा एकटाच असतो रं, बिचारा. आपल्यात चालवणारा एक न् शिकवणारे चार. त्यांना बसायला जागा नको?"

आता मला नकला येतात. कर्जतच्या शाळेत मी सरांच्या इतक्या नकला केल्या की माझी निम्मी शाळा वर्गाच्या बाहेर झाली. घरात या कलेला कुणी विचारत नाही. कदर केली ती फक्त मामांनी. ताईकडं गेलो की ताट वाढायच्या आधी परीक्षा. "विलायती कर." मी टुकटुकटुकटुक करतो, शिलाई मशीनसारखं, सभ्य. "पंजाबी." मी पोटातून डगडगडगडग काढतो, ताई आतून ओरडते की बाळ उठेल. "आता आपला कर." इथं माझी गाडी अडते. मामांचा ट्रॅक्टर धुक, धुक, धुक चालतो आणि चौथा ठोका गिळतो. माझे दाजी, म्हणजे त्यांचाच मुलगा, म्हणतात की डिझेल फवारणारा नोझल गेलाय. मामांनी नोझल तीनदा बदलला, ठोका गिळायचा तो गिळतोच. "चिखलात श्वास घ्यायची सवय लागलीय त्याला," मामा म्हणतात. मी तीन ठोके मारून चौथ्याला गप्प व्हायचो. मामा मान हलवायचे. "हे थांबणं झालं. गिळणं नाय." मग जेवायला वाढायचे.

दोन वर्षांपासून चिखलणीला छोटा पॉवर टिलर यायला लागला आणि लाल ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला. मामा रोज सकाळी त्याला दहा मिनिटं चालू करायचे, म्हाताऱ्या माणसाला अंगणात फिरवतात तसं. दाजींनी टेंपो घेतला, तो बाहेर उन्हापावसात. बाप-लेकात वाद नाही झाला, फक्त दाजी टेंपोवर ताडपत्री टाकताना जरा मोठ्यानं टाकायचे. शेवटी मामाच म्हणाले, "उभा राहून गंजण्यापरीस कुणीतरी बघू दे त्याला."

बघायला कर्जतकडचे एक फार्महाऊसवाले शेठ आले. त्यांना गेटजवळ उभा करायला जुना ट्रॅक्टर पाहिजे होता, आणि तो विलायतीच पाहिजे होता. दाजींनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "तू बाबांना बोलण्यात गुंतव." मी गुंतवायच्या आत शेठनी विचारलं, "इम्पोर्टेड आहे ना काका?"

"नाय," मामा म्हणाले. "देशी."

दाजींना खोकला आला. मामांना वाटलं खरंच खोकला आहे, त्यांनी पाणी आणायला सांगितलं. मग शेठना हाताला धरून मडगार्ड दाखवलं, काट्यावरचे किलोमीटर दाखवले, आणि त्यांच्याच हातात इंची पाना देऊन बोल्ट फिरवायला लावला. पाना सटकला आणि शेठच्या पांढऱ्या पॅंटवर काळा पट्टा उठला. दाजींनी डोळे मिटले. पण शेठ माणूस हसरा निघाला. "काका, फोटोत चांगला दिसतो, बस. आम्ही नेतो. लोकांना इम्पोर्टेड सांगितलं तर तुमचं काय बिघडतं?"

"माझं नाय बिघडत," मामा म्हणाले. "चिखल ह्यानं तुडवला आणि नाव भावाचं लावायचं? पाटी लावाल तर देशी म्हणून लावा. तेवढं कबूल असंल तर न्या."

"शंभर टक्के," शेठ म्हणाले.

ट्रॅक्टर गेला तेव्हा मामा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. आवाज वळणापलीकडं गेला, तरी त्यांनी बशी उचलली नाही. त्या दिवसापासून ते परीक्षा घेईनासे झाले. मी गेलो की सरळ ताट यायचं. इतक्या वर्षांत मला गरम जेवण पहिल्यांदाच मिळालं आणि ते अजिबात गोड लागलं नाही.

गेल्या महिन्यात म्हणाले, "पाव्हणं, गाडी काढा." माझ्या बाईकवर मागं बसले, पाने खिशात. दोन्ही पाने माझ्या पाठीला कर्जतपर्यंत टोचले. फार्महाऊसच्या गेटजवळ ट्रॅक्टर उभा होता. नवा लाल रंग, चाकांना पांढरे पट्टे, दोन्ही मडगार्डांवर फुलांच्या कुंड्या. पुढं चकचकीत पाटी: विलायती विंटेज ट्रॅक्टर.

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पाटी पुन्हा वाचली. मी भांडणाची तयारी केली. आवाज कुणाचा काढायचा तेही ठरवलं, तलाठ्याचा. पण मामा वॉचमनकडं वळले. "वर बसू का जरा? माझा व्हता."

वॉचमन तिथल्याच वाडीतला, वयानं दाजींएवढा. त्यानं बंगल्याकडं बघितलं. "पाच मिन्टं बसा, काका."

मामा चढले. किल्ली नव्हती, तरी एक हात किल्लीच्या जागी गेला. दुसरा स्टेअरिंगवर. पाय क्लचवर. मग समोर बघतच म्हणाले, "कर रं."

मला लाज वाटली. वॉचमन बघत होता. मी सुरू केलं.

"हा पंजाबी झाला."

"मामा, ती पाटी..."

"पाटीला काय बोलायचं ते बोलू दे. तू बरोबर बोल."

मी पुन्हा सुरू केलं. धुक, धुक, धुक. चौथ्याला मी मुद्दाम काहीच केलं नाही. मामांचा तो रिकाम्या किल्लीवरचा हात दिसत होता, आणि घशात काहीतरी आलं ते मी खाली ढकललं. पुढचा ठोका आपोआप आला. मामांनी डोळे मिटले. मान हलली नाही.

थोड्या वेळानं वॉचमननं बंगल्याकडं पुन्हा एकदा बघितलं, मडगार्डवरची एक कुंडी उचलून खाली ठेवली आणि तिथं बसला. मामांनी त्याला जागा व्हावी म्हणून कोपर जरा आत घेतलं. मी गिळत राहिलो.