कॅप्टननी ओतलेली वाइन

आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा कॅप्टन बाटलीला हात लावायचे. ताप बघायचे तिचा. पोशेऱ्याच्या या माणसानं मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं पाहुण्यांना वाइन वाढली. वाढणाऱ्यांच्या मुकादमाला तिथं कॅप्टन म्हणतात. गावानं तेच नाव ठेवलं.

मी दारूबंदीची पत्रकं घेऊन मोखाड्यातले पाडे फिरणारी. दारू फ्रान्सची असो की मोहाची, दारूच. आजही माझं मत तेच आहे. तरी मी कॅप्टनच्या ओट्यावर बसायचे. लाल वाइन खोलीच्या गारव्याला प्यावी म्हणतात, ती खोली फ्रान्समधली, असं ते सांगायचे. "पोशेऱ्यात चैतात ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवावी लागते, ताई." सुक्या मासळीबरोबर ती लोखंड चाटल्यासारखी लागते. तिच्याबरोबर हवी गावठी कोंबडी मंद शिजलेली, तिखट बेताचं, वर रानातली अळंबी. बोलणं इथवर आलं की आत घराकडे बघायचे.

कारण त्यांच्याकडे एक फ्रेंच बाटली होती, निवृत्तीच्या वेळी शेफनं दिलेली. बूच ओलं राहावं म्हणून नागलीच्या कणगीत आडवी ठेवलेली. आमच्या दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे बंदी. "माझी पहिल्यापासून आडवीच आहे," म्हणायचे. ती त्यांना बायकोला, आमच्या काकूंना, वाढायची होती. "तीस वर्षं परक्यांना वाढलं. हिनं माझं काम एकदा तरी बघावं." पण दर वर्षी म्हणायचे, अजून कच्ची असेल, दोन वर्षं थांबू.

बंदी मंजूर झाली. घरं तपासायचं मीच ठरवलं. कॅप्टनच्या घरातली बाटली काकूंनी स्वतः बाहेर आणली. काकूंचा भाऊ दारूनं गेलेला. दारूबंदीच्या मोर्चात बायकांच्या पुढे त्याच असायच्या. कॅप्टननी सूट मागितली नाही, मीही देऊ केली नाही. फोडू नका, मी ओततो, एवढंच म्हणाले.

अंगणात त्यांनी हातावर पंचा टाकला. जुनं बूच मोडू नये म्हणून हळूहळू काढलं आणि काकूंच्या हातात दिलं. मग तळचा गाळ हलू न देता मातीत ओतू लागले. मध्येच थांबून बाटलीचं तोंड पुसायचे. जमलेल्या बायका जवळ सरकल्या. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

"असंच वाढायचे तुम्ही?" काकूंनी विचारलं. कॅप्टननी मान डोलावली. काकूंनी बूच हुंगलं. "पावसात रानातला पाला कुजतो ना, तसा वास येतो."

कॅप्टनचा हात थांबला. "म्हणजे तयार झाली होती," ते म्हणाले. "मीच उगा थांबलो." आणि उरलेली ओतली.

त्या पावसाळ्यात कॅप्टन गेले. काकू आजही बायकांच्या पुढे चालतात. मी पत्रकं वाटते.