व्हय म्हाराजा म्हणणारी आंटी

सगळे जिला ‘बसणारी आंटी’ म्हणत, ती पेशंटला ‘कसं वाटतंय’ असं कधी विचारत नसे. स्टूल ओढायची, चपला बाजूला काढायची आणि म्हणायची, “बोला, देवाला काय सांगायचं राहिलंय?” मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात तिचं कामच ते होतं: पेशंटजवळ, त्याच्या घरच्यांजवळ बसायचं आणि ज्याचा जो देव त्याच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. स्वतः बोरिवलीची ख्रिश्चन. कुणी म्हणालं की मी देव मानत नाही, तर ती म्हणे, “चालेल ना, नुसतं बसू.”

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आईचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. पेज भरवणारी मी, केस विंचरणारी मी, आणि आईचा चेहरा खुलायचा तो आंटीची चाहूल लागली की. “इलंस गो?” असं आई तिला मालवणीत विचारायची. मला मुलुंडच्या शाळेत घातल्यापासून माझ्याशी ती पुस्तकातलं मराठी बोलत आली. मला आपलं “आलीस का?”

एकदा आंटीने विचारलं, “काकी, तुमच्या गावात देवाशी कसे बोलतात?” आईने गाऱ्हाण्याचं सांगितलं. देवळात एक जण मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आईचे वडील घालायचे.

“पण ता पुरुषांनी घालूचा,” आई म्हणाली.

“वडील गेले ना? मग आता तुम्ही घाला. मी व्हय म्हणते.”

इतक्या वर्षांत आईला असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं, याचा राग मी आंटीवरच काढला. मग रोज दुपारी गाऱ्हाणं सुरू झालं. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बेनसाठी, वॉर्डबॉयच्या जमत नसलेल्या लग्नासाठी, चक्क आंटीच्या गुडघ्यांसाठी. मी खिडकीशी उभी राहून माझं नाव येतंय का ते ऐकायची. येत नसे. माझ्या आईच्या देवाकडे आंटीच्या गुडघ्यांचा नंबर लागला होता, माझा नाही.

शेवटी आंटीनेच विचारलं, “काकी, पोरीसाठी कधी?”

“तिच्यासाठी घालूचा तर ‘व्हय’ तिनाच म्हणूक व्हया,” आई म्हणाली. “ती खिडकीत उभी.”

आंटी स्टुलावरून उठून खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. “माझा घसा बसलाय आज. तू बस गं.” घशाला काहीएक झालं नव्हतं, मघाशीच दारातून नर्सला हाका मारत होती. मी बसले. आईने डोळे मिटून हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या लेकीन माझा सगळा केल्यान. माझ्यामागे हिका एकटी पाडू नको रे म्हाराजा.”

माझ्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ कसंबसं निघालं. आईने डोळे उघडले. “मोठ्यान म्हण. आंटी बघ कशी म्हणता.”

त्याच आठवड्यात आई गेली.

आंटी आता निवृत्त झाली आहे. अधूनमधून मी बोरिवलीला तिच्याकडे जाते. तिला ते गाऱ्हाणं पाठ आहे, आईच्या हेलासकट, आणि मला नाही. त्या हेलावर अजून जळते मी. चहा झाला की ती चपला काढून बसते, डोळे मिटते आणि माझ्यासाठी आईचं गाऱ्हाणं घालते. मी मोठ्याने व्हय म्हणते.